शेवटची भैरवी कुणाची

कर्जत, २ मार्च १९३२

मोहियुद्दीनभाई,

नमस्कार. मोठ्या गुरुबंधूला लिहायचा तो सगळा मायना मी मनातल्या मनात लिहिला आहे असं समजा. कागदावर उतरवायला गेलो तर मुद्द्याला जागा उरणार नाही.

शुक्रवारी बुवांच्या पुण्यतिथीला तुम्ही सूर्य उगवताना भैरव गायलात, शाल घडी करून खांद्यावर टाकलीत आणि पहिल्या गाडीने खोपोलीला निघून गेलात. खालापूरला घरी काही अडचण निघाली असेल म्हणून दुपारपर्यंत मी गप्प होतो. मग लोक विचारायला लागले. अंबूवहिनींनी तुमच्यासाठी घावनं करून ठेवली होती. ती शेवटी मी खाल्ली, आणि वर त्यांची बोलणीही खाल्ली. बुवांच्या माघारी गुरुपत्नी म्हणून त्यांना आमच्यावर रागवायचा हक्क आहे, पण माझं काय चुकलं ते त्या सांगेनात.

दारावर लावलेला कार्यक्रमाचा कागद पाहून तुम्ही रागावलात, असा माझा अंदाज आहे. तर त्याचा खुलासा करतो.

आपण आठ वर्षं पुण्यतिथी करतो आहोत. भाताच्या जुन्या कोठाराला पत्रे घालून लोकांनी बुवांच्या नावाचं संगीत मंदिर केलं, तेव्हापासून नियम ठरलेला. सूर्योदयाला तंबोरा सुरू करायचा, तो दिवे लागेपर्यंत थांबवायचा नाही. एकाचा हात दमला की दुसऱ्याने तार न तुटू देता घ्यायचा. गाणारे तेरा. धाकट्यांनी आधी, थोरल्याने शेवटी, आणि शेवटी भैरवी. या वर्षाच्या आधीची सातही वर्षं ती भैरवी तुमची.

आता मला सांगा, भैरवी ही सकाळची. दिवे लागताना सकाळ कशी होईल? मी पंचवीस वर्षं पार्सल ऑफिसात आहे. सकाळची गाडी संध्याकाळी सोडली तर मला घरी बसवतील. पुण्याला एका व्याख्यानातही हेच ऐकलं, की रागाची वेळ पाळली नाही तर तो रागाचा अपमान. म्हणून या वर्षी मी सगळे राग प्रहराप्रमाणे लावले. तुमचा भैरव म्हणजे बुवांचा भैरव, तो उजाडतानाच हवा. तुमचं नाव कागदावर सगळ्यात वर होतं, हे तरी तुम्ही पाहिलंत ना?

शेवटी पूरियाधनाश्री झाला. बरा झाला.

एवढंच होतं. राग सोडा आणि दोन ओळी पाठवा.

तुमचा
सखाराम टिपणीस


कर्जत, १९ जून १९३२

मोहियुद्दीनभाई,

उत्तर नाही. तुमच्या वखारीवर लाकूड घेऊन येणारा धाकलू ठाकूर परवा बाजारात भेटला. त्याला विचारलं, माझं पत्र पोचलं का?

म्हणाला, "पोचला ना. बिलकिसनी वाचून दाखवला. भाईंनी आयकला, घडी केली, फळीवर ठेवला आन् वर दगड ठेवला."

"काही बोलले नाहीत?"

"नाय. दगड जरा मोठाच घेतला."

तुमच्या मुलीला वाचता येतं याचा आनंद झाला. दगडाचं वाईट वाटलं.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. तुम्हाला सकाळी बसवण्यात तुमचीच सोय पाहिली होती. साठी उलटली तुमची. दिवसभर चटईवर बसायचं, बारा जणांचं ऐकायचं, आणि मग थकलेल्या अंगाने गायचं, हे काही बरं नव्हे. वखारीतला भुसा छातीत जातो. सकाळी आवाज ताजा असतो, दम असतो. शिवाय शुक्रवार होता. सकाळी मोकळे झालात की दुपारच्या नमाजाला जाता येईल, हाही विचार केला होता. एवढा विचार सख्खा भाऊ करत नाही.

पाऊस लागला की खोपोलीकडचा रस्ता चिखलाचा. म्हणून आत्ताच लिहा.

सखाराम


कर्जत, २५ सप्टेंबर १९३२

मोहियुद्दीनभाई,

धाकलू आला होता. म्हणाला, "दुसरा कागद आयकून भाई उठूनच गेलं. आता दोन कागद हायेत, दगड त्योच."

तेव्हा आज मीही जरा रागावून लिहितो. तुम्हालाच राग येतो असं नाही. सात महिने रुसून बसायला तुम्ही काय नवी नवरी आहात? मी दोन पत्रांत आर्जवं केली. मीही पन्नाशीचा आहे, आणि संगीत मंदिराची घंटा वाजवण्यापासून चटया झटकण्यापर्यंत सगळं मी करतो. गवयांना पत्रं मी लिहितो. एकाला सारंगी चालत नाही, दुसऱ्याला पेटी चालत नाही, तिसरा म्हणतो अमक्याच्या नंतर मी बसणार नाही. तेरा गवई एका दिवसात बसवणं म्हणजे तेरा बैल एका गव्हाणीला बांधणं. कुणाचं तरी शिंग कुणाला तरी लागतंच. ते तुम्हाला लागलं, तर ओरडायचं होतं. गप्प निघून जाणं ही कुठली रीत?

समितीची बैठक झाली. नवव्या वर्षाची यादी करायला घेतली. बारा नावं लिहून झाली. तेरावं लिहायच्या आधी एकजण म्हणाला, "ते येत नसतील तर नाही. त्यांच्यातलं त्यांनी करावं." मी त्याला उठवून बाहेर घालवलं. हे तुमच्यावर उपकार म्हणून सांगत नाही. बाजारात असंही बोललं जातं आहे की मोहियुद्दीनभाईंना मुसलमान म्हणून शेवटून उठवलं. हे तुमच्या कानावर आलंच असेल. ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. बुवांच्या ओटीवर आपण एका ताटलीतले चणे खाल्ले आहेत.

आणि लोक विचारतात म्हणून लिहितो, शेवटचा पूरियाधनाश्री मी गायलो. कुणीतरी गायला हवंच होतं. संध्याकाळचा राग मला येतो. यात काय बिघडलं?

तेराव्या नावाची जागा कोरी आहे. कळवा.

सखाराम


कर्जत, ११ डिसेंबर १९३२

मोहियुद्दीनभाई,

हे शेवटचं पत्र. यानंतर मी तुम्हाला त्रास देणार नाही.

काल अंबूवहिनींकडे गेलो होतो. पुण्यतिथीच्या दिवशी गवयांसाठी काय रांधायचं ते विचारायला. त्यांनी तुमचं विचारलं, म्हणून मागच्या तिन्ही पत्रांत काय लिहिलं ते सांगितलं. प्रहर सांगितले, तुमची सोय सांगितली, शुक्रवार सांगितला. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "टिपणीस भावजी, हे सगळं कुणाला सांगता? तुमच्या पोटात दुखत होतं. तसं लिहा की."

मी म्हणालो, "वहिनी, तसं काही नाही."

"मग नाही तर नाही," म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. पुष्कळ वेळ बसलो. त्यांचे तांदूळ निवडून झाले.

तर तसं लिहितो.

प्रहरांचा तक्ता मी गेल्या वर्षीच्या दिवाळीत करायला घेतला. पुण्याचं व्याख्यान मी ऐकलं ते त्यानंतर, पौषात. म्हणजे आधी मला शेवटची जागा हवी होती, मग त्यासाठी कारण शोधलं, आणि मग त्या कारणाला आधार शोधला. तक्ता असा केला की दिवे लागण्याच्या वेळी माझ्याशिवाय कुणाचाच राग बसू नये. आपल्या तेरा जणांत संध्याकाळचा पूरियाधनाश्री मीच काय तो गातो, हे मला पक्कं माहीत होतं. तुम्हाला पहाटे टाकलं, ते तुमच्यामागून लगेच गायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून. मधे अकरा जण आणि अख्खा दिवस असला म्हणजे लोक तुमचा भैरव विसरतील, असा हिशेब होता. उजाडताना कोठारात माणसं किती? बारा. तीही निम्मी पेंगत. हेही मी मोजलं होतं.

तुम्हाला आठवतं, बुवा शिकवायला बसले की माझं गाणं ऐकून म्हणायचे, "सखाराम, तुझं पाठांतर चोख." दर वेळी हेच. तुम्ही गायला लागलात की काही म्हणायचे नाहीत. पानाचा डबा बाजूला सारायचे आणि डोळे मिटायचे. मी सत्तावीस वर्षं, बुवा गेल्यावरही मनातल्या मनात, त्या डब्याकडे बघत आलो आहे. माझ्या गाण्याला तो कधी हलला नाही. बुवा गेले तेव्हा मी रडलो, ते खरं रडलो. पण आता तो डबा माझ्यासाठी कधीच हलणार नाही, हेही त्या रडण्यात होतं.

मग वाटलं, निदान शेवटची जागा. एकदा. लोकांनी म्हणावं, आज शेवटी टिपणीस बसले.

बसलो. लोक म्हणाले, "भाई कुठं आहेत?" मी तान घेत होतो आणि पहिल्या ओळीतला माणूस शेजाऱ्याला विचारत होता, भाई कुठं आहेत. पाठांतर चोख झालं. संपल्यावर सगळे बसून राहिले, कारण भैरवी झाली नव्हती, आणि कार्यक्रम संपला हे कुणाला कळलंच नाही. मला उठून सांगावं लागलं की आता घरी जा.

तुमची सोय बघितली वगैरे जे जूनमध्ये लिहिलं ते सगळं खोटं. तुमच्या छातीचा, दमाचा मी क्षणभरही विचार केला नव्हता. केला असता तर मी चांगला माणूस ठरलो असतो. मला तुमचा मत्सर वाटतो. पहिल्या दिवसापासून वाटतो. हे तुमच्या मुलीने वाचून दाखवायचं आहे याची मला लाज वाटते, पण दुसरा मार्ग नाही.

या वर्षी पुण्यतिथीची माघ वद्य पंचमी चौदा फेब्रुवारीला आहे. कागद पुन्हा जुन्या रीतीने केला आहे. धाकटे आधी. मी बारावा. तेराव्या जागी तुमचं नाव लिहिलं आहे. न विचारता लिहिलं, मागच्या वर्षीसारखंच. आलात तर भैरवी. नाही आलात तर ती जागा मी कुणालाही देणार नाही, स्वतःलासुद्धा नाही.

सखाराम


खालापूर, ३० जानेवारी १९३३

सखाराम,

हा कागद बिलकिस लिवते. मी बोलतो तसाच लिव म्हणून सांगितलाय, म्हणून शास्तरी भाषा शोधू नको. रोजे चालू व्हते, मग ईद झाली, म्हणून उशीर झाला. दुसरा काय कारण नाय.

तुझा चौथा कागद तीनदा वाचून घेतला. पयल्यांदा आयकला तवा बिलकिस वाचता वाचता थांबली. तिला वाटला, बापाला राग येल. मी हसत व्हतो. बिलकिसची आई मासूमा आतून बघायला आली, काय झाला म्हणून. वरीसभरात मी घरात हसलो नव्हतो.

आता आयक. तू मला पयला बसवलास म्हणून मी गेलो नाय रं. पयला काय आन् शेवटचा काय, बुवांच्या दारात झाडू मारायला सांगितला तरी मारीन. पण त्या आधीच्या पावसाळ्यापासून माझा दम जायला लागला व्हता. वरचा सा लागत नव्हता. कोनाला सांगितला नाय. मासूमाला पन नाय. दारावर तुझा कागद बघितला आन् माझा काळीज धसकला. मला वाटला, सखारामला कळला. ह्याचा कान बारीक. ह्याला कळला की मोहियुद्दीनचा आवाज गेला, संध्याकाळपत्तोर टिकायचा नाय, म्हणून दया करून सकाळी बसवला. भैरव गायलो तो कसा गायलो माझा मला ठावं. मग तुज्यासमोर बसवेना.

मग तुजा दुसरा कागद आला. साठी उलटली, छातीत भुसा जातो, सकाळी दम असतो. आयकून तो कागद जाळून टाकावासा वाटला. दुश्मन बरा, पन कीव करनारा भाऊ नको.

आन् आता तू लिवतोस की पोट दुखत व्हता. आरं, मग पयल्याच कागदात लिवायचा ना! माझा मत्सर करतोस म्हंजे मी अजून गवई हाय. खालापूरचे डाक्टर म्हनतात गायचा नाय. तुजा कागद आयकल्यावर त्यांचा आयकायचा कारन उरला नाय.

येतो. भैरवी गानार. मागं तंबोऱ्याला तू बसायचा, दुसरा कोन नको. आन् एक अट. गाना झाल्यावर तोंडावर काय बोलायचा नाय, तुला तोंडावर खोटाच बोलता येतो. घरी जाऊन कागद लिव. जसा झाला तसा. वरचा सा लागला नाय तर लागला नाय असा लिव. कीव केलीस तर कागद दगडाखाली जाईल आन् मी पुन्ना येनार नाय.

मोहियुद्दीन

टिपणीसकाका, सलाम. बाबा आता रोज पहाटे वखारीत बसून खर्ज लावतात. धाकलू लाकडं उतरवायची थांबवून ऐकत बसतो, म्हणून ते त्याला ओरडतात. तुम्ही हे बाबांना सांगू नका. बिलकिस.


कर्जत, १९ फेब्रुवारी १९३३

मोहियुद्दीनभाई,

अटीप्रमाणे लिहितो. लिहायला पाच दिवस लागले, कारण चार दिवस मी चांगलं लिहून फाडत होतो.

तुमची भैरवी वाईट झाली.

सुरुवातीला आवाज बसलेलाच होता. तो मोकळा व्हायला तुम्हाला नेहमीपेक्षा तिप्पट वेळ लागला. अंतऱ्यात वरचा सा तीनदा आला. पहिल्यांदा तुम्ही तो लावायला गेलात आणि खोकला आला. दुसऱ्यांदा लागला, पण उतरलेला लागला, आणि तो उतरला हे माथेरानहून आलेल्या घोडेवाल्यांनाही कळलं. तिसऱ्यांदा तुम्ही वर गेलातच नाही. अर्ध्या वाटेवरून परत फिरलात. समोरच्या लोकांनी माना खाली घातल्या. अंबूवहिनींनी घातली नाही. त्या तुमच्याकडे बघत राहिल्या.

आता माझ्याबद्दल. ही अट तुम्ही घातली नव्हती, पण पत्र अर्धं खरं लिहून चालणार नाही. मी मागे तंबोरा छेडत होतो. माझ्या घशात वरचा सा तयार होता, स्वच्छ. गाणाऱ्याचा आवाज थकल्यावर मागे बसलेल्याने वरचा स्वर धरावा, ही आपली जुनी रीत. पण त्यासाठी हाताची खूण व्हावी लागते. दुसऱ्यांदा तुमचा सा उतरला तेव्हा मी तुमच्या हाताकडे बघत होतो. तिसऱ्यांदाही बघत होतो. भाई, मला तुमची काळजी वाटत नव्हती. खूण व्हावी असं वाटत होतं. भरलेल्या कोठारात, शेवटच्या भैरवीत, माझा सा. तुम्ही खूण केली नाहीत.

मग तुम्ही अंतरा सोडून दिलात आणि खाली उतरलात. चार-पाच स्वर, जास्त नाहीत. एवढ्याशा जागेत तुम्ही फिरत राहिलात. कोमल रिषभावर थांबलात, आणि पुष्कळ वेळ तिथेच थांबलात. मला वाटलं, दम घेत आहेत. मग कळलं की दम घेत नाही आहेत, तिथे काहीतरी दाखवत आहेत, आणि ते मला या सत्तावीस वर्षांत दिसलेलं नाही. बुवांनी मला हा रिषभ दहादा शिकवला. त्यात हे आहे, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी पाठ करून पुढे गेलो असेन.

तंबोऱ्यावरचा माझा हात थांबला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तंबोरा थांबला. कुणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं असेल.

तर निकाल असा. तुमचा आवाज गेला आहे, भाई, आणि तो परत यायचा नाही. डॉक्टर खरं सांगतात. वरचा सा आता धरू नका, लोकांना ते ऐकवत नाही. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाऊ नका. अंतरा घेऊच नका. हे मी कीव म्हणून लिहीत नाही, हे कुणालाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी तंबोरा घेतला आणि तोच रिषभ लावून पाहिला. पहिल्याच झटक्याला लागला. अगदी सुरात. तासभर लावत होतो. शेजारचे म्हणाले, टिपणीस, काय सुरेल लागला हो आज. मी तंबोरा कोपऱ्यात ठेवला आणि ऑफिसला गेलो. दिवसभर पार्सलांच्या पावत्या चुकत होत्या. पंचवीस वर्षांत माझी पावती चुकली नव्हती.

मत्सर गेला असेल, असं मला वाटलं होतं. सगळं कबूल करून टाकल्यावर जातो म्हणतात. तुमचा आवाज गेला, मत्सर गेला नाही. उलट आता जास्त वाटतो, कारण आधी निदान म्हणता यायचं की देवाने याला आवाज दिला आणि मला दिला नाही.

छातीला जपा. भुशात बसू नका, वखारीत बिलकिसला बसवा, ती तुमच्यापेक्षा चांगली चालवील. दुपारचं झोपत जा. थंडीत मफलर सोडू नका. पुढच्या वर्षी शेवटी तुम्हीच बसायचं आहे, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. मला अजून पुष्कळ वर्षं तुमचा मत्सर करायचा आहे.

तुमचा
सखाराम